नवरी सजवणाऱ्या हातांना परवाना कोणाचा?

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी शेतातून येता येता, कुणी गटाच्या बैठकीत मोबाइल मधोमध ठेवून.

आज आम्ही मेकअपच्या कामाबद्दल बोलणार आहोत. कोणती लिपस्टिक कुणाला शोभते, ते नाही सांगणार. हे काम शिकायचं कुठे, त्याचा खरा कागद कोणता, काम मिळतं कसं, हातात उरतं किती, आणि एवढं सगळं जमलं तरी लग्नघराच्या दारात कोण कोणाला अडवतं, ते बोलू.

हा विषय घ्यायला कारण आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत गटाकडे कर्जमागणीचे जे अर्ज येतात, त्यांत शेळी, शिलाई मशीन, खत-बियाणं यांच्या जोडीला ‘पार्लरचा कोर्स’ हे कारण सारखं दिसू लागलंय. साहजिक आहे. पूर्वी नवरीला मावशी-काकू तयार करायच्या. कुणाला अंबाडा चांगला जमायचा, कुणाला नऊवारी. आता वाडीवरच्या लग्नातही शूटिंगवाला असतो, ड्रोन फिरतो, मग नवरीला मेकअपवाली लागतेच. तालुक्याहून येणारी मेकअपवाली एका सकाळचे जे पैसे घेते, ते ऐकलं की आमच्या पोरी म्हणतात, हे आपल्याला का नाही जमणार? जमेल की! पण आधी नीट समजून घेऊ.

पहिला प्रश्न सगळ्याजणी विचारतात, “ताई, मेकअपचं लायसन कुठं काढायचं?” तर ऐका. ट्रॅक्टर चालवायला जसं लायसन लागतं, तसं मेकअप करायला सरकारचं सक्तीचं लायसन आपल्या देशात नाही. अमेरिकेत सौंदर्यसेवेच्या कामासाठी त्या त्या राज्याची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे तसं नाही. त्यामुळे कुणी म्हणालं, “आमच्याकडून लायसन घ्या, नाहीतर काम बंद पाडतील,” तर ती थाप समजा.

मग कागद लागतच नाही का? लागतो. तीन वेगवेगळे कागद आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक, शिकल्याचा कागद, म्हणजे प्रमाणपत्र. दोन, धंद्याच्या नोंदणीचा कागद. आणि तीन, सिनेमा-मालिकांत काम करायचं तर तिथल्या संघटनेचं कार्ड. एकेक बघू.

शिकण्यासाठी पदरचे मोठे पैसे घालायच्या आधी सरकारी वाटा बघा. पहिली वाट आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. बँका ती चालवतात आणि केंद्र सरकारचं ग्रामविकास मंत्रालय त्यामागे आहे. तिथे ब्युटी पार्लरचा साधारण महिनाभराचा वर्ग असतो. शिकवणं, राहणं, जेवण, सगळं मोफत. शिकून बाहेर पडल्यावर पुढची दोन वर्षं ते विचारपूस करतात, बँकेच्या कर्जासाठी मदत करतात. आमच्या गटांतल्या बहुतेकजणी याच वाटेने गेल्या. महिनाभर घर सोडायचं म्हणजे घरात आधी बोलणी करावी लागतात, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यासाठी गटातल्या दोघीतिघी घरी जाऊन सासूबाईंशी बोलल्या तर काम सोपं होतं.

दुसरी वाट आयटीआय. तिथे कॉस्मेटॉलॉजी नावाचा एक वर्षाचा ट्रेड आहे. दहावी पास लागते. सगळ्या आयटीआयमध्ये हा ट्रेड नसतो, म्हणून दहावीचा निकाल लागला की लगेच चौकशी करा. नुकती दहावी झालेली लेक घरात असेल तर तिच्यासाठी ही वाट सगळ्यात पक्की, कारण तो कागद देशभर चालतो.

तिसरी वाट जन शिक्षण संस्थान. ज्यांची शाळा मधेच सुटली, लिहिता-वाचता जेमतेम येतं, त्यांच्यासाठी हे आहे. पंधरा ते पंचेचाळीस वयाच्या बायकांना तिथे घेतात.

चौथी वाट आधीपासून काम करणाऱ्यांसाठी. समजा, तुम्ही आठ वर्षं आयब्रो करताय, नवऱ्या सजवताय, हात बसलेला आहे, पण कागद नाही. तर कौशल्य विकास योजनेत ‘पूर्वज्ञानाला मान्यता’ असा प्रकार असतो, इंग्रजीत त्याला आरपीएल म्हणतात. पुन्हा पहिल्यापासून शिकायचं नाही. थोडी उजळणी, मग परीक्षा, पास झालात की प्रमाणपत्र. या क्षेत्राचे अभ्यासक्रम ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिल ठरवतं. नवरीच्या मेकअपसाठी त्यांचा वेगळा अभ्यासक्रमसुद्धा आहे. हे वर्ग कायम चालू नसतात. म्हणून जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात किंवा उमेदच्या तालुका कक्षात अधूनमधून विचारत राहा.

आता खासगी क्लासबद्दल. सगळे वाईट नसतात, काही ठिकाणी उत्तम शिकवतात. पण आमच्या गटातल्या एका ताईचा अनुभव सांगतो. शहरातल्या एका क्लासची जाहिरात तिने मोबाइलवर बघितली. ‘तीन दिवसांत प्रोफेशनल व्हा, इंटरनॅशनल सर्टिफिकेट मिळवा.’ पंचवीस हजार फी. तिने कानातलं गहाण ठेवलं. तीन दिवस एका हॉलमध्ये साठ बायका खुर्च्यांवर बसल्या आणि स्टेजवर एका मॉडेलचा मेकअप झाला. हिच्या हातात ब्रश एकदाही आला नाही. शेवटच्या दिवशी सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र मिळालं, फेटा बांधून फोटो निघाला. तो कागद घेऊन ती बँकेत गेली, तेव्हा साहेबांनी विचारलं, “ही संस्था कोणाकडे नोंदलेली आहे?” त्याचं उत्तर त्या कागदावर कुठेच नव्हतं. ती ताई पुढे आरसेटीत शिकली, आज चांगलं काम करते. पण कानातलं सुटायला दीड वर्ष लागलं.

तेव्हापासून आमच्या गटांनी पाच प्रश्न ठरवलेत. कोर्ससाठी कर्ज मागणारी बाई या पाचांची उत्तरं घेऊन येते, मगच अर्ज पुढे जातो. लिहून घ्या. प्रमाणपत्र नेमकं कोण देणार, क्लास की सरकारमान्य मंडळ? परीक्षा कोण घेणार? रोज किती तास माझ्या हातात ब्रश असणार? एका बाईंकडे शिकायला किती जणी? आणि किटचे पैसे फीमध्ये आहेत की वेगळे? ‘इंटरनॅशनल’ शब्द दिसला तर आणखी एक प्रश्न विचारा, कोणत्या देशातल्या कोणत्या संस्थेचं? स्वित्झर्लंडच्या सिडेस्कोसारख्या खऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था आहेत, पण त्यांचा अभ्यास मोठा असतो आणि परीक्षाही कडक असते. तीन दिवसांत तो कागद मिळत नाही.

दुसरा कागद धंद्याचा. उद्यम नोंदणी करून ठेवा. आधार कार्डावर होते, सरकारच्या संकेतस्थळावर होते आणि तिला एक रुपयाही फी नाही. सेवा केंद्रवाल्याने फॉर्म भरायचे पैसे घेतले तर ती त्याची मजुरी, सरकारची फी नव्हे. गाळा घेऊन पार्लर थाटायचं ठरवलंत, तर दुकाने व आस्थापना कायद्याची नोंद बघावी लागते. राज्यात त्याचा २०१७ चा कायदा आहे. कामाला थोडीच माणसं असतील तर ऑनलाइन सूचना दिली की भागतं. ग्रामपंचायतीतही विचारून घ्या. कर्ज हवं असेल तर मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात पन्नास हजारांपर्यंत मिळतं आणि त्याला तारण लागत नाही. पण बँक प्रमाणपत्र बघते, उद्यमचा कागद बघते आणि गटातली तुमची परतफेड कशी आहे तेही बघते. वेळेवर भरलेला हप्ता हासुद्धा एक कागदच आहे, सख्यांनो.

तिसऱ्या कागदाची, म्हणजे कार्डाची गोष्ट मोठी आहे. ती शेवटी सांगतो. आधी कामाचं बोलू.

या कामात हातापेक्षा आधी स्वच्छता. लग्नाच्या दिवशी नवरी, करवल्या, मावश्या, एका डबीतलं काजळ दहा डोळ्यांना लागतं. एकीचे डोळे आलेले असले की दुसऱ्या दिवशी दहाजणींचे. म्हणून डबीत बोट घालायचं नाही. चमच्याने किंवा काडीने काढून पाटीवर घ्यायचं, तिथून ब्रशला. लिपस्टिक थेट ओठाला लावायची नाही. मस्काऱ्याची काडी एकीची दुसरीला नाही. स्पंज प्रत्येकीला नवा. ब्रश प्रत्येक कामानंतर साबणाने धुवून, सावलीत आडवे वाळवायचे. आयब्रोचा दोरा तोंडात धरायचा नाही, गळ्यात अडकवून काम करायला शिका, आणि दर बाईला नवा दोरा.

दुसरी गोष्ट, अंगावर उठणं. नवरीची कातडी तुम्ही पहिल्यांदा लग्नाच्या सकाळी बघायची नाही. दोन दिवस आधी जा. जे लावणार ते थोडंसं कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. खाज, लाली, सूज आली तर ती वस्तू बाद. केसांचा काळा रंग आणि झटपट चढणारी काळी मेंदी यांत पीपीडी नावाचं रसायन असू शकतं. काही जणींना त्याने फोड येतात.

तिसरी गोष्ट, गोरं करण्याची. बाया म्हणतात, “लेकीला गोरी दिसली पाहिजे हां.” आमची शिकवण अशी की, फाउंडेशनचा रंग हनुवटीच्या कडेला लावून उजेडात बघायचा. जो रंग कातडीत मिसळून दिसेनासा होतो, तोच खरा. नाहीतर तोंड पांढरं आणि गळा सावळा, आणि हा फरक अल्बममध्ये जन्मभर राहतो. गोरं करणाऱ्या बिननावाच्या क्रीमपासून तर लांबच राहा. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांना मूत्रपिंडाचा एक विकार झालेले रोगी ओळीने सापडू लागले. शोध घेतला तर त्यांतले बरेचजण गोरं करणारी क्रीम लावत होते आणि त्या क्रीममध्ये पारा होता. म्हणून डबी घेताना बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि वापरायची मुदत छापलेली आहे का, ते बघा. बघा बरं, लायसन इथे लागतं! तुम्हाला नाही, डबी बनवणाऱ्याला. बीटामेथासोन, क्लोबेटासोल असली नावं असलेली मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कुणाच्या तोंडाला लावायची नाहीत. ती औषधं आहेत, मेकअप नव्हे.

काम घेताना वहीत लिहून घ्यायच्या गोष्टीही ठरवा. तारीख, मुहूर्त, गाव, किती जणी, नऊवारी की सहावारी, विसार किती दिला. आणि एक प्रश्न न लाजता विचारायचा, नवरीचं वय किती? अठराच्या आत असेल तर काम घ्यायचं नाही. २००६ च्या कायद्याप्रमाणे बालविवाह लावणाऱ्याला आणि त्याला मदत करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण कायद्याचं जाऊ द्या. लग्नाआधी त्या पोरीच्या तोंडासमोर, इतक्या जवळ बसणारी परकी बाई आपणच असतो. ती काय सांगते, काय लपवते, ते आपल्याला दिसतं. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर आमच्या किटच्या झाकणावर चिकटवलेला आहे.

आता पैशाचं. हिशेब समजावा म्हणून आकडे धरू. समजा, नवरीच्या कामाचे चार हजार ठरले. त्यातून सामानाची झीज सातशे, जाण्या-येण्याचे तीनशे, मदतनीस पोरीचे पाचशे, गजरे-पिना-जाळी अडीचशे, गटाच्या किटचं भाडं दोनशे. झाले एकोणीसशे पन्नास. हातात दोन हजार पन्नास. त्यासाठी पहाटे चारला उठायचं, अक्षता पडेपर्यंत थांबायचं आणि आधी एक चक्कर मारायची ती वेगळी. हंगामात अशी चौदा कामं झाली तर अठ्ठावीस हजार सातशे. किटचं कर्ज अठरा हजारांचं असेल तर पहिल्या हंगामात किट फिटतं, घराला हातभार दुसऱ्या हंगामापासून. चार हजार ऐकून उड्या मारू नका आणि दोन हजार ऐकून नाराजही होऊ नका. खुरपणीची मजुरी आणि हे, दोन्ही शेजारी ठेवून बघा.

आणि लग्नं बारा महिने नसतात. तुळशीचं लग्न झालं की सुरू, आषाढी एकादशी आली की बंद. चातुर्मासात काय करायचं? आयब्रो, हेअर कट, फेशियल हे रोजचं काम. डोहाळजेवण, बारसं. नवरात्र, हळदीकुंकू. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं असतात. एका शाळेच्या नाचात चाळीस पोरांची तोंडं रंगवायची असतात, ते काम एकटीचं नाहीच, गटाचं आहे. मुख्याध्यापकांना दिवाळीआधी भेटून या. नाटकाचं कामही आहे. झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागात दिवाळीनंतर नाटकांचा मोठा हंगाम असतो आणि वडसा गावात नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. वाई, सातारा, कोल्हापूरकडे मालिका-सिनेमांचं चित्रीकरण चालतं, तिथे गर्दीच्या प्रसंगांना मदतनीस लागतात. रंगभूषेचं काम नवरीच्या मेकअपपेक्षा वेगळं. तिथे पांढरे केस, जखमा, घाम, सगळं रंगवावं लागतं. आवड असेल तर हेही शिकून घ्या.

इथे आता तिसऱ्या कागदाची गोष्ट येते. मुंबईत सिनेमाच्या कामासाठी संघटनेचं कार्ड लागायचं. सिने कॉस्च्युम मेकअप आर्टिस्ट अँड हेअर ड्रेसर्स असोसिएशन असं तिचं लांबलचक नाव. तिचा नियम असा होता की, मेकअप आर्टिस्टचं कार्ड फक्त पुरुषाला. बाईला कार्ड केसांच्या कामाचं. सुमारे साठ वर्षं हे असंच चाललं. पडद्यावर नटी बाई, पण तिच्या तोंडाला पावडर लावायचा हक्क बाईला नाही! ज्या बायका मेकअप करायच्या त्या लपूनछपून. चारू खुराना नावाची बाई अमेरिकेतून रीतसर मेकअप शिकून आली, तिने कार्ड मागितलं. कार्ड मिळालं नाही, उलट दंड भरायला सांगितला. कारण काय दिलं? बायकांना हे कार्ड दिलं तर पुरुषांना काम कोण देणार?

चारूताई आणि तिच्या सोबतिणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ ला न्यायालयाने निकाल दिला की, हा नियम घटनेच्या विरोधात आहे. समानतेच्या हक्काच्या विरोधात आहे, पोट भरण्याच्या हक्काच्या विरोधात आहे. तेव्हापासून बाईला मेकअप आर्टिस्टचं कार्ड नाकारता येत नाही.

ही गोष्ट आम्ही गटाच्या बैठकीत सांगितली तेव्हा सगळ्याजणी हसल्या. म्हणाल्या, “काय बाई, शहरातली माणसं पण!” तेवढ्यात मागे बसलेली एक ताई म्हणाली, “आपल्या गावात कुठं मला कार्ड आहे?” बैठक एकदम गप्प झाली.

ही ताई करोनात विधवा झाली. दोन लेकरं पदरात. आरसेटीत शिकली, त्या तुकडीत तिचा हात सगळ्यात चांगला होता. तिच्याकडून आयब्रो करून घ्यायला आसपासच्या तीन गावांतून पोरी येतात. नवरीची मेंदीही तीच काढते. पण लग्नाच्या सकाळी तिला बोलावत नाहीत. नवरीच्या कपाळाला सवाष्णीचाच हात लागला पाहिजे म्हणतात. तेच पैसे देऊन तालुक्याहून दुसरीला आणतात. त्या दुसरीचं लग्न झालंय की नाही, तिचा नवरा आहे की नाही, हे कुणाला माहीतही नसतं. परकी म्हणून ती चालते, ओळखीची म्हणून ही चालत नाही.

आम्ही यावर दोन बैठका बोललो. सगळ्यांचं एकमत नव्हतं. एका आजींचं म्हणणं होतं, लोकांच्या शुभकार्यात आपण वाद कशाला घालायचा. त्यांना दुसरीने विचारलं, “मांडववाल्याला, आचाऱ्याला, बॅन्डवाल्याला कुणी विचारतं का, तुझी बायको जिवंत आहे का म्हणून? शूटिंगवाला विधुर आहे का, हे बघून त्याला विसार देतात का?” आजी गप्प बसल्या. मग हसल्याही.

शेवटी असं ठरलं की, नवरीचं काम एकटीच्या नावाने घ्यायचं नाही, गटाच्या नावाने घ्यायचं. किट गटाचं, पावती गटाची, पाळी ठरलेली. जिची पाळी असेल ती जाईल. घरच्यांनी ‘तिला नको, दुसरीला पाठवा’ म्हटलं आणि कारण नवरा नसण्याचं असेल, तर दुसरीने जायचं नाही. आधीच नम्रपणे सांगायचं, विसार घ्यायच्या आधी सांगायचं, म्हणजे लग्नघरची पंचाईत होत नाही.

गेल्या हंगामात त्या ताईच्या पाळीला नऊ कामं आली. तिघांनी नको म्हणून दुसरीकडची मेकअपवाली आणली. ते सहा-सात हजार गटाच्या हातचे गेले. सहा घरांत तिने नवऱ्या सजवल्या. एका घरी नवरीच्या चुलतीने कुरकूर केली, तर नवरीच म्हणाली, “मला हीच ताई पाहिजे.” पुढे काही बोलणं झालं नाही. कुंकू मात्र तिथे चुलतीनेच लावलं. आमच्या ताईने कुंकवाची डबी तिच्या हातात दिली आणि आपलं काम पुढे चालू ठेवलं. सगळं एका हंगामात बदलतं असं आम्ही म्हणत नाही.

पण बदलतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. आमच्या गावात असा ठराव अजून झालेला नाही. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तो यावा म्हणून ग्रामसंघाने अर्ज दिला आहे. त्या अर्जात आम्ही एक ओळ जास्तीची घातली आहे: कोणत्याही बाईला तिच्या नवऱ्याच्या असण्या-नसण्यावरून कामाला नाही म्हणू नये.

तर सख्यांनो, शिकणाऱ्यांनी वर्गाची चौकशी करा, पाच प्रश्न विचारा, कागद जपून ठेवा. हिशेबाची वही पहिल्या कामापासून लिहा. आणि ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे, त्या आयांना आमची विनंती आहे. लेकीसाठी मेकअपवाली ठरवताना तिला खुशाल प्रश्न विचारा. ब्रश धुतलेत का? डबीवर मुदत छापलीय का? दोन दिवस आधी येऊन कातडी बघणार का? कुठे शिकलात? हे चारही प्रश्न लेकीच्या भल्याचे आहेत. पाचवा प्रश्न, नवरा काय करतो हा, विचारू नका. त्याच्या उत्तराने मेकअप चांगलाही होत नाही आणि वाईटही होत नाही.

आपल्या गावातल्या गटाला आरसेटीची, जन शिक्षण संस्थानाची माहिती हवी असेल तर आपल्या प्रभागसंघाच्या बैठकीत विषय काढा, एकटीदुकटीने फिरू नका. पाच-दहाजणींनी मिळून मागणी केली तर जवळच वर्ग लागायचीही शक्यता वाढते.